शहराचं स्वतःचं फायबर जाळं: बिलांच्या यादीपासून शेवटच्या जोडणीपर्यंत

गेल्या महिन्यात शहराच्या टोकाचं जलशुद्धीकरण केंद्र भाड्याच्या लाइनवरून काढून आम्ही स्वतःच्या फायबरवर घेतलं आणि महापालिकेच्या फायबर जाळ्याचा पहिला टप्पा पूर्ण झाला. मुख्यालय, प्रभाग कार्यालयं, रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं, पंपिंग स्टेशन, वाचनालयं, शाळा आणि मोठ्या चौकांतले सिग्नल आता एकाच जाळ्यावर आहेत, आणि ते जाळं शहराच्या मालकीचं आहे. मी माहिती तंत्रज्ञान विभागात अभियंता आहे आणि या कामाची समन्वयक म्हणून सुरुवातीपासून त्यात होते.

काम हाती आलं तेव्हा फायबरमधून प्रकाश कसा जातो यावर वाचायला भरपूर मिळालं. फाइल कुठून हलवायची, कोणाची परवानगी आधी मागायची, चर बुजवण्याआधी काय नोंदवून ठेवायचं, यावर जवळजवळ काहीच मिळालं नाही. आता दुसऱ्या शहरांतले सहकारी फोन करून नेमकं हेच विचारतात. म्हणून जे झालं ते, झालं त्या क्रमाने लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते: या कामात काच आणि प्रकाश हा सोपा भाग. अवघड असतं ते जमिनीखाली काय आहे हे कळणं, आणि आपण जे पुरलं त्याची नोंद आपल्या हातात राहणं.

२०२१ च्या जानेवारीत आयुक्तांनी बैठकीत विचारलं, "डेटा लाइनवर आपण वर्षाला एकूण किती खर्च करतो?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. प्रत्येक विभाग आपापली लाइन घेत होता, आपापल्या लेखाशीर्षातून बिल भरत होता. आरोग्य विभागाचं बिल आकस्मिक खर्चात, पाणीपुरवठ्याचं वीजबिलांच्या फाइलमध्ये, शाळांचं शिक्षण विभागाकडे. ही बिलं गोळा करण्यातच उन्हाळा आला. मला सुरुवातीला हे कारकुनी काम वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. संपूर्ण प्रकल्पाचा पाया तिथेच पडला. बंद झालेल्या दोन कार्यालयांच्या लाइनचं भाडं चालूच होतं. एका रुग्णालयाने खबरदारी म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या, पण इमारतीत दोन्ही एकाच पाइपातून येत होत्या. एक फावडं बसलं असतं तर दोन्ही एकदम गेल्या असत्या.

तुम्ही ही यादी करणार असाल तर बिलाच्या रकमेवर थांबू नका. लाइनचा सर्किट क्रमांक, ठरलेला वेग, कराराची मुदत, रद्द करायला किती आधी नोटीस द्यावी लागते, आणि केबल इमारतीत नेमकी कुठून शिरते, एवढं प्रत्येक ठिकाणी लिहून घ्या. शेवटची गोष्ट कोणालाच माहीत नसते. त्यासाठी स्वतः जाऊन पाहावं लागतं. आम्ही इमारतीमागून इमारत पाहिली, फोटो काढले, आणि पुढे मार्ग आखताना तेच फोटो कामी आले.

यादी तयार झाल्यावर लेखा विभागाने जे चित्र पाहिलं त्याने सगळ्यांची भाषा बदलली. भाडं दर वर्षी जात होतं आणि वेग वाढवायचा म्हटलं की वाढत होतं. अमेरिकेतल्या सँटा मोनिका शहराने १९९८ मध्ये दूरसंचार आराखडा केला आणि भाड्याच्या लाइन बंद करून वाचलेल्या पैशातून टप्प्याटप्प्याने स्वतःचं फायबर वाढवत नेलं. आमच्या टिपणीत मी हे उदाहरण सर्वांत वर ठेवलं, कारण त्यात कर्जाचा डोंगर नव्हता. आधीच होत असलेला खर्च दुसऱ्या जागी वळवणं एवढंच होतं, आणि हे कोणत्याही लेखाधिकाऱ्याला पटतं.

मग प्रश्न आला व्याप्तीचा. काही नगरसेवकांचं म्हणणं होतं, घरोघरी इंटरनेट द्या. मागणी रास्त होती. पण याबाबतीत दोन शहरांचा अनुभव मी सभेपुढे शेजारी शेजारी ठेवला. अमेरिकेतल्याच चॅटनूगाने २०१० मध्ये आपल्या संपूर्ण वीज-क्षेत्रात सेकंदाला एक गिगाबिट वेगाची इंटरनेट सेवा सुरू केली. ते काम तिथल्या सार्वजनिक वीज मंडळाने केलं. त्यांच्याकडे खांब होते, दुरुस्तीच्या गाड्या होत्या, घरोघरी बिल पाठवण्याची व्यवस्था होती, आणि स्मार्ट ग्रिडसाठी, म्हणजे संगणकाने नियंत्रित होणाऱ्या वीजजाळ्यासाठी, केंद्र सरकारचं सुमारे ११ कोटी डॉलरचं अनुदान होतं. अमेरिकेतल्याच प्रोवो शहराचा अनुभव उलटा होता. सुमारे ३.९ कोटी डॉलर खर्चून बांधलेलं जाळं त्यांनी २०१३ मध्ये गूगलला एका डॉलरला दिलं, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांचे हप्ते मात्र रहिवाशांच्या बिलातून पुढेही जात राहिले. घरगुती ग्राहक सांभाळणं हा वेगळाच व्यवसाय आहे. त्याला विक्री लागते, ग्राहक सेवा लागते, स्पर्धकाने दर उतरवले तर टिकायची ताकद लागते.

शेवटी आम्ही मधला मार्ग धरला. पहिला टप्पा फक्त सार्वजनिक सेवांसाठी. पण केबलमध्ये गरजेपेक्षा बरेच जास्त तंतू (प्रकाश वाहून नेणारे काचेचे धागे) आणि चरात एक रिकामा डक्ट, म्हणजे केबलसाठीचा पाइप, ठेवायचा, म्हणजे पुढे कोणाला भाड्याने द्यायचं झालं तर पुन्हा रस्ता फोडावा लागणार नाही. स्टॉकहोमने १९९४ मध्ये शहराच्या मालकीची स्टोकाब ही कंपनी काढली आणि ती आजही हेच करते: स्वतः इंटरनेट विकत नाही, नुसते तंतू सर्वांना सारख्या अटींवर भाड्याने देते. त्या वाटेने जायचं तर आधी कायदा तपासा. स्वतःच्या कार्यालयांपुरतं जाळं चालवणं आणि दुसऱ्याला क्षमता विकणं यांना बहुतेक ठिकाणी वेगळे नियम लागतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शहरांनी ही सेवा विकण्यावर कायद्यानेच बंधनं आहेत. आम्ही विधी सल्लागारांचं लेखी मत घेऊन फाइलला जोडलं. पुढे लेखापरीक्षणात तेच पहिल्यांदा मागितलं गेलं.

मंजुरीला ऑक्टोबर उजाडला. वित्त विभागाच्या शंका लांबलचक होत्या, पण त्यातल्या दोन फार कामाच्या निघाल्या. पहिली: या मालमत्तेचं आयुष्य किती धरायचं? आम्ही उत्तर तीन भागांत दिलं. डक्ट आणि चेंबर (केबल हाताळायला ठेवलेले झाकणाचे खड्डे) अनेक दशकांचे, केबल साधारण २५ वर्षं, आणि दोन्ही टोकांना बसणारी स्विच वगैरे जाळ्याची यंत्रं सात-आठ वर्षांची. हे वेगळं न करता एकच आकडा दिला असता तर यंत्रं बदलायची वेळ आली की तरतूद नाही म्हणून फाइल अडली असती. दुसरी शंका मुख्य लेखाधिकाऱ्यांनी समोरासमोर विचारली: "रात्री दोन वाजता केबल तुटली तर फोन कोण उचलणार?" त्या एका प्रश्नामुळे देखभालीचा खर्च, दोन तंत्रज्ञांची पदं आणि सुट्या केबलचा साठा हे सगळं मूळ अंदाजपत्रकात आलं. मंजुरी मागताना देखभाल बाजूला ठेवून आकडा लहान दाखवायचा मोह होतो. तसं करू नका. नंतर ते पैसे मिळत नाहीत.

मार्गाचं सर्वेक्षण हिवाळ्यात झालं. नकाशे होते, पाणीपुरवठ्याचे, मलनिस्सारणाचे, विजेचे. पण ते वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या मापाचे होते आणि एकमेकांशी जुळत नव्हते. आम्ही प्रत्येक रस्त्यावर सगळ्या विभागांचे लोक घेऊन चालत गेलो. या पदयात्रेत मला सर्वांत जास्त शिकवलं ते पाणीपुरवठ्यातल्या निवृत्तीला आलेल्या मुकादमांनी. नकाशात मुख्य वाहिनी रस्त्याच्या डाव्या बाजूला दिसत होती. ते म्हणाले, "मॅडम, ही लाइन रस्ता रुंद केला तेव्हा मधे आली. लाइन हलली नाही, रस्ता हलला." चाचणी खड्डा घेतला. वाहिनी त्यांनी दाखवली तिथेच होती. त्यानंतर मी रोज एक वही घेऊन काकांच्या बरोबर फिरत होते. झडपा कुठे पुरल्या गेल्यात, जुनं गटार कुठे बंद झालं, कुठल्या कोपऱ्यावर खडक लागतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि कुठल्याच कागदावर नव्हतं. ती वही आता आमच्या संगणकीय नकाशाचा एक वेगळा स्तर आहे. तुमच्याकडेही अशी माणसं असतील, आणि ती निवृत्त व्हायच्या बेतात असतील. त्यांना सर्वेक्षणात अधिकृतपणे सामील करून घ्या, तसा कार्यालयीन आदेश काढा, म्हणजे त्यांच्या विभागाकडून अडवणूक होत नाही.

जमिनीत रडार सोडून पाहण्याचं यंत्रही आणलं होतं. कोरड्या, सैल मातीत ते चांगलं चालतं. ओल्या चिकणमातीत त्याचा संकेत फार खोल जात नाही, त्यामुळे चाचणी खड्ड्यांना पर्याय नाही. अंदाजपत्रकात चाचणी खड्ड्यांची वेगळी बाब ठेवा, नाहीतर कंत्राटदार ते टाळतो.

परवानग्यांबद्दल एकच गोष्ट सांगते. रेल्वे रूळ, महामार्ग आणि पूल ओलांडण्याचे अर्ज सगळ्यांत आधी टाका. मार्ग शंभर टक्के ठरलेला नसला तरी. आपल्याच महापालिकेच्या रस्ते विभागाची परवानगी महिन्याभरात मिळते. रुळांखालून जायची परवानगी आम्हाला वर्षभर मिळाली नाही. आडवं छिद्र पाडून पाइप ओढण्याचा आराखडा, खोली, पाइपाचा व्यास, शुल्क, पुन्हा संयुक्त पाहणी, मग अधिकाऱ्याची बदली आणि परत पहिल्यापासून. या काळात मी दर पंधरवड्याला पत्र पाठवत राहिले आणि प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते त्याच संध्याकाळी ई-मेलने कळवत राहिले. नवीन अधिकारी आल्यावर ती ई-मेलची साखळीच उपयोगी पडली.

निविदा २०२२ च्या एप्रिलमध्ये निघाली. एकच बोली आली, त्यामुळे ती रद्द करावी लागली. त्या दिवशी विभागात सगळे हिरमुसले होते. बोलीपूर्व बैठकीतले प्रश्न पुन्हा वाचल्यावर कारण कळलं: खोदाई, केबल आणि स्विच हे सगळं एकाच कंत्राटात असल्याने खोदाईत तरबेज असलेले लोक येत नव्हते. दुसऱ्या वेळी काम दोन भागांत विभागलं, खोदाई व केबल एक आणि यंत्रसामग्री दुसरा. या वेळी पुरेशा बोली आल्या आणि दरही खाली आले. कार्यादेश निघेपर्यंत डिसेंबर संपत आला.

निविदेच्या कागदात मी तीन गोष्टींवर अडून राहिले. एक म्हणजे तंतूंची संख्या. गरज ४८ ची होती, आम्ही ९६ ची केबल मागितली. एकूण खर्चातला जवळपास दोन तृतीयांश भाग खोदाई आणि रस्ता पूर्ववत करण्यात जातो. केबलमधले तंतू दुप्पट केल्याने एकूण रकमेत फारसा फरक पडत नाही. दुसरी, तंतू जी.६५२.डी या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचेच, आणि इमारतींच्या आत जिथे वळणं घ्यावी लागतात तिथे वाकवलं तरी प्रकाशाची कमी गळती होणारे जी.६५७ चे. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक देयकातली ठरावीक रक्कम राखून ठेवायची आणि ती त्या तुकड्याचा अंतिम नकाशा, चेंबरचे फोटो आणि चाचणीच्या मूळ फाइल मिळाल्यावरच सोडायची. नकाशा खुल्या स्वरूपात, म्हणजे कोणत्याही जीआयएसमध्ये (संगणकीय नकाशाच्या प्रणालीत) उघडेल असा. वरिष्ठांना ही अट जाचक वाटली. तेव्हा मी प्रोवोचाच पुढचा भाग सांगितला: जाळं हस्तांतरित करताना तिथल्या केबल नेमक्या कुठे पुरल्यात हे शोधायला शहराला एका अभियांत्रिकी कंपनीला सुमारे ५ लाख डॉलर द्यावे लागले. स्वतः पुरलेली वस्तू शोधायला! अट राहिली.

खोदाई २०२३ च्या जानेवारीत सुरू झाली आणि मधले पावसाळ्याचे महिने सोडले तर वर्षभर चालली. चराची खोली कमीतकमी सव्वा मीटर, तळाशी मऊ मातीचा थर, त्यावर एचडीपीई या टणक प्लॅस्टिकचे दोन डक्ट, मग माती, आणि अर्ध्या उंचीवर रंगीत इशारा पट्टी. ही पट्टी स्वस्त असते आणि नेमकी तीच विसरली जाते. खोली मोजायला मी तंत्रज्ञांना टेप आणि फोन देऊन पाठवत असे. चर बुजवण्याआधी टेप लावलेला फोटो, त्यात जवळची कायमची खूण दिसली पाहिजे आणि जागेचे अक्षांश-रेखांश त्यात नोंदले गेले पाहिजेत. फोटो नाही तर मोजमाप नाही. पहिल्या महिन्यात यावरून रोज वाद झाले. एका उपकंत्राटदाराने रात्रीत मोठा तुकडा बुजवून टाकला आणि खोली बरोबर असल्याचं सांगितलं. पुन्हा उघडायला लावला. बऱ्याच ठिकाणी डक्ट पाऊण मीटरवर होता. त्याने तो स्वखर्चाने परत टाकला आणि त्यानंतर फोटो न मागता येऊ लागले.

लोकांचा राग समजून घ्यावा लागतो. नुकताच गुळगुळीत झालेला रस्ता आपण फोडत असतो. शाळांसमोर सुट्टीत, रुग्णालयांसमोर रात्री, बाजारात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी असं वेळापत्रक केलं, आणि फलकावर काम संपण्याची तारीख व माझ्या विभागाचा क्रमांक लिहिला. फोन खूप आले. पण फोन करणारा माणूस उत्तर मिळालं की थांबतो, हेही दिसलं. एका भागात मलनिस्सारण विभाग नवीन वाहिनी टाकणार असल्याचं संयुक्त बैठकीत कळलं. त्यांच्याच चरात वरच्या बाजूला आमचे डक्ट टाकले, आणि तिथला खर्च निम्म्याहून कमी झाला. तेव्हापासून महापालिकेत नियम झालाय: कोणताही विभाग रस्ता खोदणार असेल तर आधी आम्हाला कळवायचं, म्हणजे रिकामा डक्ट टाकून घेता येतो. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातला शहराला दीर्घकाळ उपयोगी पडणारा निर्णय हाच आहे, आणि त्यासाठी एक परिपत्रक पुरलं.

एका रात्री यंत्राच्या बकेटने पाण्याची वाहिनी फोडली. नकाशात ती नव्हती, वहीतही नव्हती. पाणीपुरवठ्याचे लोक तासाभरात आले, पहाटेपर्यंत दुरुस्ती झाली, टँकर पाठवले. त्या वस्तीतल्या लोकांना सकाळी जाऊन भेटणं मला गरजेचं वाटलं. ती वाहिनी त्याच आठवड्यात नकाशावर चढवली.

डक्ट टाकून झाल्यावर घाईने केबल ओढू नका. आधी आतून ठरावीक व्यासाचा दांडा सरकवून पाहतात, कुठे डक्ट चेपला आहे का ते कळतं. मग हवेचा दाब देऊन गळती तपासतात. नंतर दाबाखालच्या हवेने केबल आत फुंकली जाते. चांगल्या डक्टमध्ये एका दमात किलोमीटर-दीड किलोमीटर केबल सरसरत जाते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आमचे मुकादम काकाही बराच वेळ चेंबरपाशी उभे होते. प्रत्येक चेंबरमध्ये काही मीटर केबल गुंडाळून राखीव ठेवतात. दुरुस्तीच्या वेळी हीच राखीव केबल जीव वाचवते.

स्प्लायसिंग, म्हणजे तंतू वितळवून जोडणं, २०२४ च्या सुरुवातीला सुरू झालं. एक तंतू बाहेरच्या आवरणाशिवाय १२५ मायक्रॉनचा, आणि प्रकाश जातो तो आतला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. धूळ हा मोठा शत्रू, म्हणून हे काम बंद गाडीत किंवा तंबूत होतं. जोडणाऱ्या मुलांची बोटं पाहत राहावी अशी चालतात. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असा बारा रंगांचा क्रम त्यांना तोंडपाठ असतो. तुम्हीही पाठ करा. चेंबरमध्ये उभं राहून बोलताना तुमचा शब्द ऐकला जातो.

चाचणीच्या बाबतीत माझा आग्रह होता की ओटीडीआरने प्रत्येक तंतू दोन्ही टोकांकडून मोजायचा. हे यंत्र प्रकाशाचा छोटा स्पंद सोडतं आणि परत येणाऱ्या अंधूक प्रकाशावरून कुठे किती गळती आहे ते दाखवतं. दोन तंतूंची घडण किंचित वेगळी असली की एका बाजूने जोडावर चक्क प्रकाश वाढल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या बाजूने जास्त गळती दिसते. दोन्हींची सरासरी हाच खरा आकडा. गळती डेसिबलमध्ये मोजतात, आणि चांगल्या जोडाची ०.१ डेसिबलच्या आत असते. साध्या तंतूची गळती १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ०.३५ आणि १५५० ला ०.२ च्या आसपास असायला हवी. एखाद्या ठिकाणी १५५० ला गळती १३१० पेक्षा जास्त दिसली, तर बहुधा तिथे केबल वाकलीय. जोड उघडण्याआधी चेंबरमधली गुंडाळी सैल करून पाहा. आणि कनेक्टर जोडण्याआधी प्रत्येक वेळी पुसा. बंद पडलेल्या लाइनच्या तक्रारींपैकी कितीतरी नुसत्या पुसण्याने सुटल्या. एक सुरक्षेची गोष्टही: तंतूच्या टोकात कधीही डोकावू नका, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करतो.

जाळं वलयाच्या आकारात आहे. कुठेही एका जागी तुटलं तर माहिती दुसऱ्या बाजूने फिरते. कागदावर वलय काढणं सोपं. प्रत्यक्षात रुग्णालयं आणि अग्निशमन केंद्रांत दोन वेगळ्या बाजूंनी केबल आत आणायला भिंती फोडाव्या लागल्या, बांधकाम विभागाची संमती लागली, आणि तो खर्च वाजवी आहे का यावर बरीच पत्रं झाली. मी त्या रुग्णालयाच्या एकाच पाइपातल्या दोन लाइनचा फोटो दर पत्राला जोडत होते. स्वीकारण्याच्या चाचणीत सगळ्यांसमोर एका बाजूची केबल काढली. चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटला नाही. त्यानंतर वाद संपला.

जुन्या लाइनवरून नव्यावर येणं रात्री केलं. पंपिंग स्टेशनची यंत्रणा सगळ्यांत नाजूक होती, कारण टाकीची पातळी कळली नाही तर पंप चुकीच्या वेळी चालू राहतो. तिथे त्या रात्री पाणीपुरवठ्याचा माणूस टाकीवर प्रत्यक्ष उभा होता आणि फोनवर पातळी सांगत होता. नवी आणि जुनी लाइन महिनाभर बरोबरीने चालू ठेवा. जुनी रद्द करताना नोटीस पत्राने पाठवा, पोच घ्या, आणि कंपनीने बसवलेलं यंत्र परत केल्याची पावती सांभाळा. एका कंपनीची बिलं रद्द केल्यानंतरही येत राहिली. पोच होती म्हणून ती थांबली. नोटिशीचा काळ, दुहेरी भाडं आणि बॅटरीसारख्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तू यांची तरतूद आधीच ठेवा. प्रत्येक केंद्रावर वीज गेल्यावर काही तास चालेल एवढी बॅटरी लागते, नाहीतर वादळात सगळ्यांत जास्त गरज असताना जाळं झोपतं.

जाळं चालू होऊन थोडेच आठवडे झाले असताना पहिल्यांदा केबल तुटली. दुसऱ्या एका संस्थेच्या खोदाई यंत्राने मुख्य केबल कापली. सेवा कुठेच थांबली नाही, वलय दुसऱ्या बाजूने फिरलं; पण त्या अवस्थेत आणखी एका जागी केबल तुटली असती तर रुग्णालयाची जोडणी बंद पडली असती. ओटीडीआरने तुटलेल्या जागेचं अंतर दिलं. इथे एक गोष्ट माहीत हवी: यंत्र तंतूची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. केबलच्या आत तंतू सरळ नसतो, थोडा पिळलेला असतो, त्यामुळे तो काही टक्के जास्त लांब असतो. शिवाय प्रत्येक चेंबरमधल्या गुंडाळ्या त्यात मोजल्या जातात. आमच्या नोंदीत प्रत्येक चेंबरपाशी तंतूची लांबी लिहिलेली होती, म्हणून तंत्रज्ञ थेट दोन चेंबरांमधल्या नेमक्या पट्ट्यात गेले आणि त्याच रात्री जोडणी झाली. राखून ठेवलेल्या देयकांवरून झालेले सगळे वाद त्या रात्री माझ्यासाठी वसूल झाले.

आता रोजचं काम लहान आहे. दोन तंत्रज्ञ, एक गाडी, एक स्प्लायसिंग यंत्र, सुट्या केबलचं एक ड्रम, आणि दर तिमाहीला राखीव तंतूंची चाचणी. मागच्या वाचनाशी तुलना केली की वाकलेली किंवा पाण्यात भिजत असलेली जागा तुटण्याआधी कळते. भाड्याचा खर्च घटलाय आणि वाचलेली रक्कम वेगळ्या लेखाशीर्षात जमा होते. ती दुसरीकडे वळू नये यासाठी स्थायी समितीचा ठराव करून घेतलाय. तो ठराव तुम्ही मंजुरीच्या वेळीच मागा, नंतर कोणी देत नाही.

दुसऱ्या टप्प्याची निविदा पुढच्या महिन्यात निघेल. त्यात उरलेल्या शाळा, दवाखाने आणि पुराच्या पातळीची नोंद करणारी केंद्रं आहेत. कागदात तीन बदल केलेत: चेंबरांची झाकणं कुलुपाची, चाचणी खड्ड्यांचा दर वेगळा, आणि नकाशासाठी राखीव ठेवायची रक्कम पहिल्यापेक्षा जास्त. मुकादम काका निवृत्त झाले, पण सर्वेक्षणासाठी त्यांना मानधनावर बोलावण्याचा प्रस्ताव मी टाकलाय. सही व्हायची आहे.